डुकरांचा गॅस

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. बोलताना मी आजवर घेतलेलं नाही. पण लिहिताना सगळीकडे ‘आमचे हे, आमचे हे’ करत बसले तर वाचणारा वैतागेल, म्हणून इथे सरळ धाकू म्हणते, आणि एकदा नाव घेतलंच आहे तर एकेरीतच घेते. नाहीतरी त्या वर्षी मला त्याचा जेवढा राग आला होता, तेवढ्या रागात अहो-जाहो बसत नाही.

सकाळी उठल्यावर बाया देवाकडे बघतात, नाहीतर आरशात. मी टोपीकडे बघायचे. टोपी म्हणजे गोबरगॅसच्या टाकीवरचं लोखंडी झाकण. खाली विहिरीसारखी बांधलेली टाकी, तिच्यात घाण कुजते, कुजताना गॅस होतो, आणि गॅस साठेल तसं ते झाकण वर उचललं जातं. रात्रभरात टोपी माझ्या खांद्याएवढी वर यायची. ती तशी दिसली की मी निवांत व्हायचे आणि तोंड धुवायच्या आधी भात चढवायचे. त्या वर्षी होळीनंतर टोपी खांद्यावरून कमरेला आली. पाडव्यापर्यंत गुडघ्याला आली. मग माझं लक्ष कशातच लागेना. पीठ मळताना मध्येच उठून जायचे, बघायचे, परत यायचे. हात पिठाचे, आणि डोळे दाराबाहेर.

आम्ही राहत होतो बोरिवलीला, एक्सरच्या वाडीत. गिरणीचा संप झाला, साचेखात्यातली धाकूची नोकरी गेली, लालबागची खोली गेली, आणि कुणाच्या तरी ओळखीने आम्ही पास्कूच्या पिगरीवर आलो. पास्कू तिथला मूळचा ख्रिस्ती, गळ्यात क्रूस, तोंडात आमच्यापेक्षा जुनी मराठी. माणूस चांगला. त्याच्या बापाकडे म्हशी होत्या तेव्हा सरकारी योजनेत ही टाकी बांधली होती. पुढे म्हशी गेल्या, डुकरं आली, टाकी राहिली. पास्कूच्या घरात सिलिंडर होता, त्यामुळे टाकीचा गॅस त्याने आमच्या मागच्या खोलीला दिला. नाव गोबरगॅसच राहिलं. गाय-म्हैस औषधालाही नव्हती.

त्या गॅसवर मी डबे करायचे. जवळच्या कारखान्यात आमच्या कोकणातली बरीच पोरं होती, एकटी राहणारी, कुणी देवगडचं, कुणी कणकवलीचं. त्यांना भात आणि बांगड्याचं तिखलं मिळालं की दुसरं काही नको. मी दुपारच्या भोंग्याआधी डबे गेटवर नेऊन द्यायचे. गॅस कसला, असं एकाने विचारलं होतं. मी गोबरगॅस म्हटलं. पुढचं त्यांनी आपापल्या मनाने समजून घेतलं आणि मी त्यांना समजू दिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्योत निळी असते, तिला वास नसतो, आणि भात तांदळाचाच असतो.

धाकूला मात्र वाटायचं. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं की त्या गॅसवरचं त्याच्या ताटात नको. म्हणजे दिवसभर डुकरांत वावरणार, त्यांना खाऊ घालणार, पाइप लावून त्यांचे गाळे धुणार, पण त्यांच्या घाणीवर शिजलेला भात त्याला चालणार नाही. मी वाद घातला नाही. त्याचा भात, त्याची आमटी मी वेगळी, वातीच्या स्टोव्हवर करायचे. रॉकेल मिळताना नाकी नऊ यायचे, पण केलं. गिरणीतून आल्यावर हा माणूस पांढरा सदरा घालून नाक्यावर जायचा. तो सदरा आता ट्रंकेत होता आणि गावाला अजून सांगितलेलं होतं की धाकू बोरिवलीला ‘कंपनीत’ आहे. एवढं सगळं गिळलेल्या माणसाला एक स्टोव्ह वेगळा हवा असेल तर असू दे, असं मी म्हणायचे.

पण डबे गेले असते तर आमचं मुंबईतलं राहणं गेलं असतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पास्कूच्या पगारात दोघांचं जेमतेम भागायचं. डबे नसते तर गावाला जाऊन मोठ्या दिरांच्या पडवीत पथारी पसरायची. धाकू अधूनमधून म्हणायचाच, ‘आपण गावाक जावया.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. दिरांच्या पडवीत मी एक पावसाळा काढलेला आहे. तिथे चुलीत लाकूड सारायलासुद्धा जावेला विचारावं लागतं.

आता टोपी का बसली ते सांगते.

वाडीला लागून चार मजल्यांची नवी बिल्डिंग उभी राहिली होती. जागा घेताना त्या लोकांना डुकरं दिसली नाहीत, राहायला आल्यावर वास मात्र आला. त्यांच्या सोसायटीने म्युनिसिपालिटीत तक्रार केली. पास्कूची झोप उडाली. डुकरांना बघायला सावे डॉक्टर यायचे, वसईकडचे, तरुण, स्कूटरवरून. त्यांनी सांगितलं की खाण्यात मिसळायची एक पावडर आहे, परदेशात सगळे घालतात. डुकरं लवकर वाढतात, हगवण होत नाही, आणि घाणीला वासही कमी येतो. पास्कूने लगेच डबा मागवला. हॉटेलांचं उष्टं आणि कोंडा पिंपात शिजवायचा आणि त्यात ती पावडर चमच्याने घालायची, असं काम धाकूकडे आलं.

पावडरीने कमाल केली हे मान्य करायला पाहिजे. महिन्याभरात डुकरांच्या अंगावर तकाकी आली. घाण पूर्वी पिवळट आणि पातळ असायची, ती काळी आणि घट्ट पडायला लागली. माश्या कमी झाल्या. बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या गेल्या, सोसायटीचा सेक्रेटरी पास्कूशी हसून बोलला. सगळी खूश. आणि माझी टोपी खाली.

मी काय काय नाही केलं. पाइपात पाणी साचलंय म्हणून पाइप सोडवून झटकला. कुठे गळतंय का बघायला सांध्यांना साबणाचा फेस लावला. दुधावर धरते तशी टाकीत साय धरली असेल म्हणून बांबू घालून ढवळलं. सगळं जिथल्या तिथे ठीक होतं. घाण रोजच्यासारखी नाल्यातून वाहत कुंडीत येत होती, कुंडीतून टाकीत जात होती आणि तिथे नुसती पडून राहत होती. टाकीच्या पलीकडच्या तोंडाशी, जिथे कुजलेलं पाणी बाहेर पडतं, तिथे मी अळू लावला होता. तोही पिवळा पडायला लागला होता. भात शिजायला दुप्पट वेळ लागायचा. एक दिवस अर्धे डबे भोंगा होऊन गेल्यावर पोचले.  पोरांतला रामचंद्र, धाकूच्या शेजारच्या गावचा आणि सगळ्यांचा म्होरक्या, तेवढा म्हणाला की वहिनी, तुम्हाला झेपत नसेल तर आम्ही दुसरीकडे बघू. अगदी गोड आवाजात म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकू या सगळ्यात थंड होता. मी टाकीपाशी घामाघूम होऊन ढवळते आहे आणि तो गाळ्याच्या कठड्याला टेकून बघतो आहे. त्याने पथारीही हलवली होती. आधी आम्ही शेजारी झोपायचो, आता तो दाराशी झोपायचा. वारा लागतो म्हणायचा. मला वाटलं, डबे बंद पडायची वाट बघतोय. गावाला जायचं आहे ना, मग पडू देत बंद.

एक दिवस मी त्याला भाकरी वाढत होते. त्याने हात पुढे केला आणि मला त्याची नखं दिसली. नखांच्या कडांना हिरवट निळा रंग होता. तो रंग मी ओळखला. आमच्या बाबांची सुपारीची बाग होती. पावसाच्या तोंडावर कोळेरोग येऊ नये म्हणून ते मोरचूद आणि चुन्याचं पाणी करून सुपारीवर मारायचे, आणि पुढे दोन-तीन दिवस त्यांची नखं अशीच दिसायची. मोरचूद घातलेल्या मडक्याजवळ आई आम्हाला फिरकू द्यायची नाही. बुरशी मारणारी ती वस्तू आहे, बाकीच्यांनाही सोडत नाही.

मी तशीच उठले आणि पावडरीचा डबा उघडून बघितला. कोंड्यासारख्या भुकटीत निळे कण. जिभेला लावायची गरज नव्हती, आणि टाकीतली घाण का कुजत नाही तेही कळलं.

परत आले तेव्हा धाकू जेवत होता. मी विचारलं, किती घालता? तो म्हणाला, सांगितलंय तेवढी. मी विचारलं, चमचा कुठे आहे? तर चमचा कुठेच नव्हता. तो मुठीने घालत होता. का, तर मोरचूद पाण्यात पडलं की रंग दिसला पाहिजे, आभाळासारखा रंग आला की मात्रा बरोबर, असं तो लहानपणापासून आपल्या गावच्या सुपारीच्या बागेत शिकला होता. आता हॉटेलच्या खरकट्याला आभाळाचा रंग कधी येणार? त्यात डाळ असते, सांबार असतं, चहाचा चोथा असतो. आमच्या कोकणातला माणूस जन्मभर कुठेही गेला तरी मोरचूद डोळ्यानेच मोजणार.

पण माझं समाधान झालं नाही. मला दुसरंच काही वाटत होतं आणि ते मी बोलून टाकलं.

“तुमका ह्यो गॅस बंदच व्हयो होतो,” मी म्हटलं. “म्हणान मुद्दाम घातलात.”

त्याने हातातला घास ताटात ठेवला.  मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

“माझ्या अंगाचो वास जायना गे,” तो म्हणाला. “न्हालंय, साबण लावलंय, तरी जायना. पावडर जास्ती घातलंय तसो कमी झालो.”

एवढंच. मग तो उठला आणि हात धुवायला गेला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. तो दाराशी का झोपतो ते मला तेव्हा कळलं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी रागही आला, की बाबा रे, तुझ्या वासासाठी तू माझी चूल विझवलीस. मी उरलेली भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सावे डॉक्टर येणार होते. मी त्यांना गाठलंच. मुठीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि आधी पळत जाऊन डुकरांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या. इतक्या मोरचुदाने कावीळ होऊन डुकरं मेली असती म्हणाले. मग मी गॅसचं विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. टाकी त्यांनी दर खेपेला बघितली होती, पण तिचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता, हे त्यांनी सरळ कबूल केलं.

“डुकराच्या अंगात यातलं थोडंसंच राहतं,” ते म्हणाले. “बाकीचं जसं पोटात जातं तसं मागून बाहेर पडतं. टाकीत जे जंतू गॅस करतात, त्यांना ते विष आहे. चमच्याने घातलं असतं तरी हळूहळू साचलंच असतं.”

मग काय करायचं, मी विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि जे सुचलं ते सांगितलं. विकायची डुकरं वाढवायची असतात, पावडर त्यांना लागते. व्यायलेल्या माद्यांना ती नसली तरी चालेल. तेव्हा माद्यांना साधा कोंडा घाला आणि फक्त त्यांची घाण टाकीत जाऊ द्या. बाकीची कोरडीच खरवडून टेंपोने बाहेर पाठवा, आणि तीही एकाच शेतात वर्षानुवर्षं टाकू नका, नाहीतर तिथली माती तुमच्या अळूसारखी होईल. टाकी आधी पूर्ण उपसा, तबेल्यातून म्हशीचं ताजं शेण आणून विरजण लावल्यासारखं लावा. महिना-दीड महिना धीर धरा.

ऐकायला सोपं होतं. पण नाला एकच होता. सगळे गाळे धुतले की सगळ्यांची घाण एकत्र वाहत कुंडीत यायची. माद्यांचे गाळे होते पुढच्या बाजूला, रस्त्याकडे, बिल्डिंगच्या खिडक्यांखाली, आणि कुंडी मागे. नाल्याचं तोंड बुजवून माद्यांची घाण पाटीत भरायची आणि सगळ्यांच्या देखत अंगणातून मागे न्यायची, रोज, हाच एक मार्ग होता. पास्कूने हरकत घेतली नाही. “तुमाला जे करायचं ते करा वैनी,” तो म्हणाला, “माझ्या बिल्डिंगवाल्यांना तेवढं सांभाला.”

मी धाकूकडे बघितलं. पाइपने गाळे धुणं वेगळं. पाइप हातात असला की माणूस लांब उभा राहतो, जरा साहेबासारखा दिसतो. पाटी उचलणं म्हणजे ते हातात आलं, अंगावर आलं. ज्या वासासाठी त्याने मुठी भरभरून मोरचूद घातलं होतं, तोच उचलून खांद्याशी धरायचा.

त्याने मान हलवली. तो पाटी उचलणार नव्हता. त्याने तेवढं केलं की चमचा शोधून काढला, माद्यांचं पिंप वेगळं केलं आणि पास्कूच्या माणसांबरोबर टाकी उपसून तिच्यात तबेल्यातलं शेण भरलं. पाटीचं नाव काढलं की तो निघून जायचा.

मग मी उचलली. साडीचा काच्या मारला, नाकाला पदर बांधला आणि माद्यांच्या गाळ्यात शिरले. डुकरीण व्यायलेली असली की फार वाईट, अंगावर धावते. पहिल्या दिवशी एकीने माझी साडी फाडली. पाटी कमरेवर घेऊन मी अंगण ओलांडायचे, कुंडीत ओतायचे, पाणी घालून कालवायचे. वरच्या खिडकीत एक बाई केस विंचरत उभी असायची. ती मला बघून आत जायची. जा म्हटलं. मला तुझ्याकडे नाही, टोपीकडे बघायचं आहे.

टोपी मात्र टाकीवर मेल्यासारखी बसली होती. मी डबे रॉकेलवर करत होते, काळ्या बाजारातलं रॉकेल, डब्यांत उरत काहीच नव्हतं. चार-चार वेळा जाऊन टोपीला हात लावायचे, जरा तरी हलते का. रात्री पडल्यावर कान तिकडे. धाकू दाराशी पडलेला असायचा आणि मला कळायचं की तोही जागा आहे. आम्ही बोलत नव्हतो असं नाही, मीठ दे, पाणी दे एवढं बोलत होतो.

आणि एके सकाळी टोपी हलली. फार नाही, वीतभर वर आली असेल. मी धावत जाऊन नळ उघडला, काडी लावली. पहिला गॅस पेटला नाही, फुर्रकन गेला. दुसऱ्या दिवशी पेटला. बोटभर निळी ज्योत. मी तिच्यासमोर बसून राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्यावर दूध वगैरे काही ठेवलं नाही, नुसती जळू दिली.

त्याच आठवड्यात रामचंद्राला सकाळीच कुठेतरी जायचं होतं म्हणून तो डबा घ्यायला वाडीवर आला. कधी यायचा नाही. मी कमरेवर पाटी घेऊन माद्यांच्या गाळ्यातून बाहेर पडत होते. त्याने मला बघितलं. पाटी बघितली. मी कुंडीत ओतताना बघितलं. मग त्याची नजर टाकीवर गेली, टाकीवरून पाइपावर, आणि पाइपावरून चालत चालत माझ्या खिडकीत.

“वैनीनू,” तो म्हणाला, “ह्यो गॅस डुकरांचो?”

“डुकरांचो,” मी म्हटलं. “भात तांदळाचो.”

त्याने डबा घेतला नाही. दुपारी मी गेटवर डबे घेऊन गेले तर सगळे पानाच्या टपरीशी उभे होते, एकही पुढे आला नाही. शिव्या दिल्या नाहीत, भांडले नाहीत. एकाने तर मान खाली घातली होती. बांगडा खाताना ज्यांना काटा टोचत नव्हता, त्यांच्या घशात आता काहीतरी अडकलं होतं. मी डबे तसेच परत आणले. भात डुकरांनाच घातला, माद्यांना. त्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टोपी खांद्याला आली. मी तिला बघितलं आणि पहिल्यांदाच मला तिचा राग आला. आता येऊन काय उपयोग होता? संध्याकाळी धाकूला सगळं सांगितलं. म्हटलं, घ्या, झालं तुमच्या मनासारखं. गावाक जावया. ट्रंक काढा.  त्याला वाढलेलं होतं स्टोव्हवरचं, ते त्याने खाल्लं आणि दाराशी जाऊन पडला.

सकाळी मी सवयीने पाटी घ्यायला गेले तर पाटी जागेवर नव्हती. माद्यांचा गाळा साफ झालेला होता. कुंडीत घाण पडलेली, पाणी घातलेलं, कालवलेलं. पाटी धुऊन कठड्यावर पालथी घातलेली होती. धाकू अंगणाच्या मधोमध उभा होता, बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्यांखाली. कामाच्या सदऱ्याच्या खांद्यावर ओला डाग होता. वरची ती बाई केस विंचरत होती, तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“भात चढव,” तो म्हणाला. “सगळ्यांचो.”

मी म्हटलं, खाणार कोण? तो म्हणाला, तू चढव. मी चढवला. तिखलं केलं, लक्ष सगळं त्याच्याकडे होतं त्यामुळे तिरफळं किती घातली ते आठवत नाही. धाकू रोज काम झाल्यावर बादली बादली पाणी घेऊन आंघोळ करायचा. त्या दिवशी केली नाही. डब्यांच्या दोन्ही पिशव्या उचलून तो तसाच पुढे चालायला लागला आणि मी मागून. रस्ताभर मला त्याच्या अंगाचा वास येत होता. मी अंतर ठेवलं नाही.

भोंगा झाला. पोरं बाहेर आली आणि आम्हाला बघून टपरीशी थांबली. गेटसमोर रस्त्याखालच्या मोरीचा कठडा होता, धाकू त्यावर बसला. मला वाटलं, हा आता भांडणार, गाववाला म्हणून रामचंद्राची कॉलर धरणार. त्याने एक डबा काढला, झाकण उघडलं, भात मोकळा केला, त्यावर तिखलं ओतलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी पास्कूच्या डुकरांकडे कामाक आसंय. मी जेवाक बसतंय. कोणाक येवचा आसात तर येवा.”

हे वाक्य त्याने गावाला कधी लिहून कळवलं नव्हतं. गाववाल्यांसमोर तो ते पहिल्यांदा बोलत होता.

मग त्याने घास उचलला. तोंडापाशी नेला आणि तिथे त्याचा हात थांबला. क्षणभरच. टपरीवरून ते कुणाला दिसलंही नसेल. त्यांना दिसत होता डुकरांच्या गॅसवर शिजवलेलं रोज खाणारा एक माणूस, जो आज बाहेर बसून खातो आहे. त्या रस्त्यावर मला एकटीला माहीत होतं की दोन वर्षांत त्यातलं एक शीत त्याच्या पोटात गेलेलं नाही. 

त्याने घास खाल्ला. दुसरा घेतला. मग तो भुकेल्या माणसासारखा खायला लागला, मान खाली घालून, बोटं चाटत.

रामचंद्र किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी आला आणि कठड्यावर धाकूच्या शेजारी बसला.  धाकूने आपल्या डब्यातला बांगडा मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. बाकीचे टपरीवरच राहिले, त्यांतले काही पुढेही कधी आले नाहीत. ज्याची त्याची जीभ.

धाकूने डबा पुसून खाल्ला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तिरफळा कमी पडली गे.”

मी पिशवीतला पुढचा डबा काढायला वाकले. बोलले असते तर तिथेच रडले असते, आणि अजून डबे वाटायचे होते. घरी आल्यावर मी वातीचा स्टोव्ह उचलून फळीवर वर ठेवून दिला. संध्याकाळी त्याने आपली पथारी दाराशीच घातली होती, ती मी ओढून आत आणली.